मंगळवारचा बाक आणि कमलचे पापड

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आजार चिवट असला की ते आपोआप साचतात. अमरावतीला चर्मरोग विभागाबाहेरच्या बाकावर दर मंगळवारी आम्ही सोरायसिसवाले बसतो. डॉक्टर बदलतात, मलमं बदलतात, आम्ही तेच! मी मोर्शीची, बाकावरची सगळ्यांत जुनी. शाळा पाहिली नाही, मलमांच्या खोक्यांवरचं वाचत अक्षरं शिकले. हा आजार शिवल्याने लागत नाही, हे डॉक्टरांनी मला एकदा सांगितलं. मी लोकांना अजून सांगतेच आहे.

*

मोर्शीच्या गाडीत शेजारच्या गृहस्थाने माझं कोपर पाहिलं आणि न विचारता उपाय सुरू केले. कडुलिंब, गोमूत्र, कुठल्याशा बाबाची राख! "आजी, माह्या हातचा गुण हाये. कोनताई रोग सांगा, बरा करतो!"

गृहस्थांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. म्हटलं, "मंग सोताच्या टकलापासून काहून नाई सुरू केलं जी?"

पुढच्याच स्टॉपला उतरले.

*

बाकावरचा सुधाकर एसटीत कंडक्टर आहे. त्याच्या बोटांवरचे चट्टे पाहून एक बाई म्हणाल्या, "तिकीट हातात नका देऊ, सीटवर ठेवा."

सुधाकरने ठेवलं. सुटे पैसेही तिथेच ठेवले. बाई बसायला वाकल्या तसा म्हणाला, "आता उभ्याच राहा ताई. तुमची सीट भरली!"

*

बापू शेंदूरजनाघाटचे, संत्र्याचे बागवाले. दवाखान्यात आम्हाला अधूनमधून लाइटच्या कपाटात उभं करतात, डोळ्यांना काळा चष्मा लावून. उघड्या अंगावर ठरावीक मिनिटं प्रकाश घ्यायचा. पहिल्यांदा बापू बाहेर आले ते कपाळाला हात लावूनच.

"काय झालं बापू?"

"काय सांगू मावशी! जास्त उन्हानं संत्र्याले डाग पडते म्हणून जलमभर झाडं झाकली. अन् इथं माह्येच डाग उन्हात वाळू घालून राहिले!"

*

आता अकोटची कमल. अकोला जवळ असूनही ती अमरावतीला येते, कारण अकोल्याच्या दवाखान्यात गल्लीतलं कोणी भेटलं तर? तरी गल्लीने तिचे हात पाहिलेच. तिथे उन्हाळा लागला की बायका पाळीपाळीने एकमेकींकडे पापड लाटायला जमतात. जिची तिची लाटणी, जिचे तिचे पोळपाट. दोन वर्षं झाली, कमलला बोलावणं नाही आणि तिच्याकडेही कोणी येत नाही.

नव्या डॉक्टरणीने तिला सांगितलं, "टेन्शन घेऊ नका."

"मी नाई घेत मॅडम. गल्ली घरपोच देते!"

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुले काय पाह्यजे व? चामडी साफ का बोलावणं?"

"बोलावणं," ती म्हणाली. "चामडीचं मी पाहून घेईन."

*

म्हटलं, "पाच किलोचं पीठ भिजव. आमी येतो."

"तुमी? अन् लाटलेले खाईन कोन?"

"आपनच खाऊ!"

सुधाकर, बापू आणि मी, तिघेही अकोटला पोचलो. अंगणात सतरंजी टाकली, फाटक सताड उघडं ठेवलं. दोन पुरुष पापड लाटताना पाहून गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या. फाटकाशी सिंधूबाई आल्या. गल्लीत त्यांनी हात लावल्याशिवाय कोणाच्या पापडाला सुरुवात होत नाही. हाताची घडी घालून अर्धा तास पाहत राहिल्या.

बापूंचा पापड पोळपाटाला चिकटला. त्यांनी तो नखाने खरवडला, पोळीसारखी घडी घातली आणि पुन्हा लाटायला घेतला.

"अवो भाऊ!" सिंधूबाई ओरडल्या. "काय करून राहिले? पापड हाये का चपलेचा तळ?"

"आमी संत्रेवाले, बाई. आमाले काय समजते?"

फाटकातच चपला काढून त्या तरातरा आत आल्या, बापूंच्या हातातलं लाटणं हिसकलं आणि कमलला खेटून बसल्या. एक पापड लाटला. उन्हाकडे धरून पाहिला. मग तिच्याकडे न बघताच तळवा पुढे केला.

"लाटी दे."

कमलचा हात पिठावरच थांबला.

"दे ना व! पीठ वाळून राहिलं. अन् उद्या सकाळी सातले माह्या घरी ये. पोळपाट आनू नको, माह्याकडे दोन हायेत."