शिफ्टमधले मासे

दोष दळवी साहेबांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण किस्से सांगता सांगता माणूस मवाळ होतो, "तसे चांगले होते हो ते" म्हणायला लागतो. मला तसं म्हणायचं नाही. रोह्याजवळच्या धाटावच्या त्या केमिकल कंपनीतले किस्से इतके साचलेत की गडब गावात चहाच्या टपरीवर टेकलो की पोरं आधी विचारतात, "आज मासे की उपास?"

मी डिप्लोमा अर्धवट सोडलेला. कंपनीचं सांडपाणी साफ करायचा प्लँट असतो, ईटीपी म्हणतात, तिथे काँट्रॅक्टवर हेल्पर होतो. दळवी साहेब मॅनेजर. "प्रदूषण मंडळाची तपासणी नीट पार पडू दे, तुला परमनंट करतो," हा त्यांचा शब्द. त्या एका शब्दावर मी बरंच काही गिळलं.

०

प्लँटच्या शेवटी काचेची टाकी होती. साफ झालेलं पाणी तिच्यात सोडायचं आणि त्यात मासे ठेवायचे. मासे जिवंत, म्हणजे पाणी चांगलं. पद्धत चांगलीच आहे! पण पाण्यात हवा सोडणारा ब्लोअरच साहेब बंद ठेवायचे. वर ऐकवायचे, "वीज वाचवणं हेच खरं पर्यावरण!" हवा नाही म्हणून पाणी साफ करणारे जंतू मेले. पाणी कुजलं. मासे उलटे.

मग मी पेणच्या दुकानातून नवे मासे आणायचो. ते उलटे झाले की परत नवे. शेवटी दुकानदार म्हणाला, "मांजर पाळलीस काय रे?"

०

आमचे ऑपरेटर ठाकूर काका. सगळा जन्म साहेबांपुढे मान हलवण्यात गेला आणि आम्हाला मात्र सांगायचे, "तुमच्या पिढीला कणा नाय!" अक्षर तेवढं सुरेख. शिफ्ट सोडताना काय चालू, काय बंद ते लॉगबुकात लिहावं लागतं. काकांनी लिहिलं: "पंप चालू. ब्लोअर बंद. मासे दोन चालू, दोन स्टँडबाय."

स्टँडबाय मासे बादलीत असायचे. बादलीत पाणी कुठलं? आमच्या पिण्याच्या कूलरचं!

०

एकदा मुंबईहून मोठे कस्टमर आले. माल घेण्याआधी कंपनी पर्यावरण सांभाळते का, ते त्यांना बघायचं होतं. साहेब रंगात आले. "आमचं पाणी माणूस पिऊ शकतो!"

कस्टमरने टाकीतलं ग्लासभर पाणी काढून पुढे केलं. "घ्या."

साहेब म्हणाले, "आज माझा उपास आहे."

मागून काकांच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, उपासाला पाणी चालतं!"

०

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण आमचं पाणी शेवटी कुंडलिकेच्या खाडीत जातं आणि तिथे माझी आत्या गुडघाभर चिखलात उतरून निवट्या पकडते. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारत फिरणारा मासा. कालवण एक नंबर!

एका रविवारी आत्याने ताट पुढे केलं. "बाला, वास घे जरा. कसला येतोय?"

डांबरगोळीचा येत होता.

"तुझ्याच कंपनीचा ना रे?"

"नाय गो आत्या, दुसऱ्या कुठल्या कंपनीचा असंल."

तिने ताटात आणखी एक निवटी वाढली. म्हणाली, "मग खा."

मी खाल्लं. परमनंट व्हायचं होतं ना!

०

तपासणीच्या आदल्या दिवशी चालू मासे गेले, स्टँडबायही गेले. पेणचं दुकान बंद. साहेबांना घाम फुटला. तेव्हा काकांचं डोकं चाललं. "निवट्या टाका! चिखलात जगतात, इथं काय मरतात?" साहेबांनी त्यांची पाठ थोपटली आणि मला पिटाळलं. मी आत्याकडून डबाभर निवट्या आणून टाकीत सोडल्या. कशाला हव्यात, ते तिला सांगितलं नाही.

सकाळी तपासणीच्या मॅडम आल्या. साहेबांनी ऐटीत टाकीवरचं कापड ओढलं.

पाण्यात एकही मासा नव्हता! सगळ्या निवट्या काच चढून काठावर ओळीने बसल्या होत्या, डोळे वटारून मॅडमकडे बघत. एक साहेबांच्या बुटावर होती.

"मासे बाहेर का बसलेत?" मॅडमनी विचारलं.

साहेब बूट झटकायला लागले. काका म्हणाले, "शिफ्ट सुटली, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. "मी खाडीकाठचीच आहे. या निवट्या आहेत. कुणी आणल्या?"

साहेबांचं बोट माझ्याकडे. काकांचंही!

"मी आणल्या," मी म्हणालो. "हे पाणी माझ्या आत्याच्या खाडीत जातं, आणि ब्लोअर बंद आहे. लॉगबुक बघा ना. काकांचं अक्षर फार छान आहे."

त्या दुपारी ब्लोअर सुरू झाला. इतका मोकळा श्वास मी दीड वर्षात घेतला नव्हता. ब्लोअर अजून चालू आहे, रोह्याला जाताना गाडी थांबवून ऐकतो. परवा आत्याकडे दोनदा भात घेऊन जेवलो. निवटीला निवटीचाच वास होता.

परमनंट झालो नाही. हेल्परचं कार्डही साहेबांनी गेटवर काढून घेतलं.