तळाला लागलेली भाजी

भिंगकाकांचं चष्म्यांचं दुकान चौतीस वर्षांचं. गल्लीत कुणाच्या चष्म्याचा नंबर किती, हे त्यांना तोंडपाठ. पण स्वतःचा चष्मा कुठे ठेवला, हे मात्र कधी ठाऊक नसायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पावाच्या डब्यात, खिडकीत, एकदा तर चक्क बुटात सापडला होता. शोधून द्यायच्या अर्थात काकू.

काकूंना जाऊन आठ महिने झाले होते. वर्षअखेरच्या सुट्टीत सगळे काकांच्या धाकट्या बहिणीकडे दुपारी जेवायला जमत, आणि काकू दरवर्षी गाजर, बटाटा, कांद्याची भाजी न्यायच्या. जाड बुडाच्या निळ्या भांड्यात, मंद आचेवर शिजवलेली. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ते भांडं, आणि त्याच्यामागे काकूंची खुर्ची. जागा ठरलेली.

यंदा बहिणीचा फोन आला. "दादा, तू नुसता ये हं. भाजीचं मी बघते."

"भाजी मीच आणणार," काका म्हणाले. त्यांना स्वतःलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं. त्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणाचं भांडं आलं, की काकू खरोखरच गेल्या, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

मग काकांनी तीनदा भाजी करून पाहिली. काकूंच्या अक्षरातला कृतीचा कागद समोर, आणि स्वतः डोळ्यांत तेल घालून भांड्यापाशी उभे. भाजी झाली छानच, पण कुणाच्याही घरची असावी अशी. काकूंची काही ती नव्हे. काय राहतंय तेच कळेना. घोडं तिथेच पेंड खात होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बाहेर धुकं होतं. भांडं शेगडीवर होतं. काकांनी झाकण उचललं तशी वाफ चष्म्यावर आली. तो पुसायला काढला, हात धुतले, आणि चष्मा गायब.

"अगं, माझा चष्मा कुठाय?"

सवयीने तोंडातून गेलं. ते चाचपडत बाहेरच्या खोलीत आले. खुर्चीच्या पाठीवर काकूंची शाल होती, आठ महिने तशीच. चष्म्याशिवाय काकांना पाच हातांपलीकडचं सगळं पाण्यात विरघळल्यासारखं दिसे. त्या धूसर उजेडात खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. जरा पुढे वाकून, काकू वाकायच्या तसंच. काका जागचे हलले नाहीत. शाल आहे, हे त्यांना कळत होतं. म्हातारा असला तरी माणूस खुळा नव्हता. पण पुढे गेलं की ती शालच होणार, म्हणून ते उभेच राहिले. किती वेळ, कोण जाणे. खिडकीतून धुकं आत आल्यासारखं वाटत होतं आणि घर अगदी शांत होतं.

मग करपल्याचा वास आला.

काका धावले. भाजी तळाला लागली होती. चष्मा अंगावरच्या सदऱ्याच्या खिशात निघाला. दुसरी करायला वेळ नव्हता. बसमध्ये गरम भांडं मांडीवर घेऊन बसले, तेव्हा त्यांना रडू येत होतं. एवढं एक काम हट्टाने मागून घेतलं आणि तेही नासवलं.

बहिणीने भांडं डाव्या कोपऱ्यात ठेवलं. मागची खुर्ची रिकामी होती. मेहुण्यांनी पहिला घास घेतला आणि चमचा हातातच राहिला. भाची म्हणाली, "मामा, तळाची मला हं! दरवर्षी बाबा पळवतात."

बहीण हळूच म्हणाली, "दादा, ही तर वहिनीची भाजी. तुला कशी जमली? मी किती वर्षं विचारलं, काय घालतेस म्हणून. नुसती हसायची, तुझ्याकडे बघून."

काकांनी घास घेतला. तीच ती चव, किंचित धुराची. आणि एकदम त्यांना ती सकाळ दिसली. एक कसली, तीसेक सकाळी. निघायची घाई, भांडं आचेवर, आणि आतून त्यांची हाक. हातातला डाव तसाच टाकून काकू यायच्या. पावाच्या डब्यात बघायच्या, खिडकीत बघायच्या. एकदाही म्हणाल्या नाहीत, की अहो, तुमच्यापायी माझी भाजी लागते.

"सांग ना, काय घालायची?"

"घालायची काही नाही," काका म्हणाले. "माझा चष्मा शोधायची."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. आधी भाची हसली, मग मेहुणे, मग बहीण हसता हसता रडायला लागली. काकांनी डोळे पुसायला चष्मा काढला आणि भांड्याशेजारी ठेवला.

भाचीने तो उचलून पुढे केला. "मामा, विसराल पुन्हा."

काका भांड्याच्या वाफेपलीकडे, कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघत होते.

"राहू दे गं," ते म्हणाले. "थोडा वेळ असंच बरं दिसतंय."