सत्र संपेपर्यंत पूजा बंद

तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र या जोड-एम.ए.ला मी नाव घातलं ते पंचेचाळिशी उलटल्यावर, निव्वळ हौसेने. सासूबाईंनी घातलं ते माझ्यावर लक्ष ठेवायला, असं मला वाटलं होतं. त्यांचं वय एकाहत्तर, बी.ए. झालेलं लग्नाआधी. "तू देव नाही म्हणून शिकून येणार आणि मी घरात बसून ऐकणार होय? मीपण येते," त्या म्हणाल्या. झालं. दर शनिवार-रविवारी नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीतून एकाच रिक्षात दोन विद्यार्थिनी निघू लागल्या, एक कट्टर नास्तिक आणि एक रोज तासभर पूजा करणारी.

खरं कारण त्यांनी मला रिक्षातच सांगितलं. सासरे जाण्याआधी आठ महिने अंथरुणाला खिळून होते. "आठ महिने मी रोज मागत होते. ऐकणारं कोणी होतं का, एवढंच मला कळायला हवं. नव्हतं, असं निघालं तरी चालेल."

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी शिकवलं की जे सिद्ध करायचं ते आधीच गृहीत धरायचं नाही. सगळ्या वर्गाने माना डोलावल्या आणि चहाच्या सुट्टीत वर्ग ते विसरूनही गेला. सासूबाईंनी मात्र घरी येऊन, पायातल्या चपला काढायच्या आधी जाहीर केलं, "पूजा म्हणजे गृहीत धरणंच झालं. सत्र संपेपर्यंत पूजा बंद."

"मग प्रसादाचे पेढे?" नवऱ्याने विचारलं.

"तेही बंद."

मी तर जिंकलेच होते. बावीस वर्षं ज्या घंटेने माझी सकाळची झोप मोडली, ती एकदाची गप्प झाली. दोन दिवस मस्त गेले. तिसऱ्या दिवशी बँकेत न्यायचा माझा डबा भरताना देव्हाऱ्याकडे लक्ष गेलं. बाळकृष्णाच्या डोक्यावर सुकून काळी पडलेली तगर, अन्नपूर्णेच्या पळीवर धूळ. घरात पाहुणे येऊन बसलेत आणि त्यांना कोणी पाणीही विचारत नाही, असं ते दिसत होतं. मला कसंतरीच झालं.

चौथ्या दिवशी सासूबाई बागेत फिरायला गेल्या, नवरा घोरत होता, आणि मी देव ताम्हनात काढले. देव असण्याचे पाच आणि नसण्याचे सात युक्तिवाद मला तोंडपाठ होते, पण देवाला अंघोळ कशी घालतात ते एकाही पुस्तकात नव्हतं. पुसायला वेळ नाही म्हणून हेअर ड्रायर लावला. गंध कुठल्या बोटाने लावतात ते मोबाइलवर शोधेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मग कान साफ करायच्या कापसाच्या काडीने लावलं. काडी नवी होती, एवढं सांगून ठेवते. नैवेद्याला बिस्किट. हे रोजचंच झालं. कोपऱ्यावर फुलं विकायला डोंगराकडून येणारी बाई विचारायची, "तुमची म्हातारी येत नाय आता. बरी हाय ना?" मी "आहे, आहे" म्हणत तगरीची पुडी घेऊन चोरासारखी पळायचे.

दोन आठवड्यांनी सासूबाई वही घेऊन माझ्याकडे आल्या. चेहरा नुसता फुललेला. रविवारी वर्गात त्यांना निबंध वाचायचा होता. "शुद्धलेखन तेवढं बघ," त्या म्हणाल्या.

वहीत लिहिलं होतं: 'दिवस पाचवा. पूजा नाही, तरी देव स्वच्छ. दिवस नववा. ताजं फूल. नैवेद्याच्या वाटीत बिस्किटाचा चुरा. उंदराची शक्यता तपासली. पिंजरा लावला, उंदीर नाही. मुलाची शक्यता: तो स्वतःची अंघोळ वेळेवर करत नाही. सुनेची शक्यता: नाही. ती नास्तिक आहे.' आणि खाली लाल शाईने, 'निष्कर्ष: ऐकणारं कोणीतरी आहे.'

मी फिस्सकन हसले. उंदरासाठी निदान पिंजरा तरी लावला होता, मला एका ओळीत निकालात काढलं होतं. मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि हसू जिरलं. मी गप्प राहिले असते तर त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं असतं, अगदी कायमचं. पण बिस्किट माझं होतं. माझ्या बिस्किटाच्या चुऱ्यावर त्यांनी सासऱ्यांचे आठ महिने सोडवले होते, आणि हे मला सहन होईना.

"आई, ते मी करत होते."

"काय करत होतीस?"

"अंघोळ. देवांची."

"रोज?"

"रोज."

"आणि ते बिस्किट?"

"माझ्या डब्यातलं."

त्या पलंगावर बसल्या. चेहरा इतका उतरला की मला स्वतःचा राग आला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"पण का गं?" त्यांनी हळूच विचारलं. "तुझा तर विश्वास नाही."

बारा युक्तिवादांपैकी एकही कामाला येईना. "तुम्ही परत याल तेव्हा ते जसेच्या तसे असावेत, असं वाटलं," मी म्हटलं आणि चक्क रडायला लागले. बँकेतल्या कुणी पाहिलं असतं तर माझी अब्रूच गेली असती.

सासूबाईंनी पदराने आधी आपले डोळे पुसले, मग माझे. वही ओढून घेतली, लाल शाईच्या ओळीवर रेघ मारली आणि बराच वेळ पेन चावून खाली लिहिलं: 'अजून माहीत नाही.'

"हे चालेल ना मॅडमना?"

"धावेल," मी म्हटलं.

"उद्यापासून पूजा मी करते. माहीत नसताना केली म्हणून काय बिघडतं? आणि तुला उगाच बँकेत उशीर होतो."

बरोबरच होतं ते. मला सकाळचा अर्धा तास परत मिळणार होता, झोप मिळणार होती. तरीही इतकं वाईट वाटलं की ते मला लपवता आलं नाही. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "रविवार तुझा."