शेवटच्या ओळीपुढचा कॉमा

दुपारचं जेवण झालंय, पंख्याचा आवाज लांब लांब जातोय आणि ऋजुताचं डोकं हळूच टेबलावरच्या बंद पाकिटावर टेकतंय. टीममधले तिचे वरिष्ठ घोरपडे सर गेल्यावर त्यांच्या बायकोनं ऑफिसात पाठवलेलं हे पाकीट. चार महिने झाले, ते उघडायची हिची छाती होत नाही. आत हिचाच कोड आहे. सरांची पद्धत अशी की जावास्क्रिप्टमध्ये आधी ‘न्यू ऑब्जेक्ट’ लिहून रिकामं ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा रिकामा डबाच, बनवायचं आणि मग ओळीओळीनं एकेक माहिती त्यात भरायची. ऋजुताबाईंनी न विचारता सगळं एका महिरपी कंसात, ओळीओळीत कॉमा देऊन बसवलं, वर चारचौघांत त्याला ‘जुनी खोड’ म्हटलं. शनिवारी सर काही न बोलता तो कोड छापून घरी घेऊन गेले. रविवारी संध्याकाळी हार्ट अटॅकनं गेले.

ती ऑफिसचा जिना चढते, तर वर सरांचं स्वयंपाकघर. सर स्टुलावर उभे राहून फळीवरचे डबे पुसतायत.

“आलीस? धर हा.”

डबा रिकामा आहे. “सर, रागावलात ना माझ्यावर?”

“रागावलो की. रविवारचा भात शिजेपर्यंत. मग म्हटलं, वाचू तरी.”

आता ते एसटी स्टँडवरच्या बाकावर बसलेत. डबे पायाशी, कागद मांडीवर, कानावर नेहमीची लाल पेन्सिल.

“माझ्या अकरा ओळींत त्या ऑब्जेक्टचं नाव अकरा वेळा. तुझं एका नजरेत दिसतंय. बरोबर आहे तुझं.”

ऋजुताला रडू येतं आणि हसूही. “मग सांगायचं ना, सर!”

“सोमवारी सांगणार होतो. पण शेवटच्या ओळीपुढं कॉमा का नाही गं?”

“त्यानंतर काही नाहीच, तर कशाला?”

“अगं, उद्या कुणीतरी खाली एक ओळ वाढवणार. त्यासाठी त्याला तुझ्या ओळीला हात लावायला लागू नये.”

एसटी लागते. डबे तिच्यापाशीच ठेवून सर चढतात.

गालावर पाकिटाची कड उमटलीय. ऋजुता फार विचार न करता पाकीट फाडते. प्रत्येक ओळीपाशी लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण केलेली आहे. तिला एकदम हलकं वाटतं, इतकं की ती डोळे पुसत एकटीच हसते.

मग ती पानाच्या तळाशी येते. तिच्या शेवटच्या ओळीपुढे, चांगला दाबून काढलेला, एक लाल कॉमा.