सत्यवतीनं राखलेली पूर्णा

सत्यवतीचं माहेर आमच्या ओट्यावरून दिसायचं. मधे फक्त पूर्णा नदी. इकडचा काठ अमरावती जिल्ह्यात, तिकडचा अकोला जिल्ह्यात. पण तिच्या बापानं लेक देताना जिल्हा पाहिला नाही, जाळं पाहिलं. आम्ही भोई लोक. आमच्यात नवरदेवाची जमीन कोणी विचारत नाही, कारण ती नसतेच.

ती माझी धाकटी जाऊ. नवी नवरी असताना उन्हाळ्यात रुसली की पदर खोचायची अन् कोरड्या पात्रातून सरळ पलीकडे चालू लागायची. सासूबाई काठावरून ओरडायच्या, "सांजेच्या भाकरी थापाले येजो वं!" आणि ती यायचीही. एवढं जवळचं माहेर असलं की रुसव्याला काही वजनच राहत नाही.

पुढं तिचा नवरा काविळीनं गेला. एकुलती लेक शालू, ती अचलपूरला दिली. एसटीनं येणार, दोन दिवस राहणार, आईच्या डब्यातलं तिखट बांधून घेऊन जाणार. मग सत्यवतीचं म्हणावं असं एकच दार उरलं, पलीकडच्या काठावर, धाकट्या भावाचं. खुशालराव त्याचं नाव. आई लवकर गेल्यामुळे हिनंच त्याला कडेवर वागवलेला; तो हिला 'बाई' म्हणायचा. दर भाऊबीजेला तो डोंग्यात उभा राहून यायचा, बसून नाही. हातात लुगड्याची पिशवी उंच धरलेली, म्हणजे दोन्ही गावांना दिसावी. सत्यवती म्हणायची, "पाह्य, आला माहा राजा. बुडला तं लुगड्यासकट बुडन."

बाजारात मासोळी विकायला बसली की तिची जीभ सुरीच्या आधी चालायची. कोणी गिऱ्हाईक मासा दाबून दाबून पाहायला लागलं की म्हणायची, "दाबून जिता होते का तो? मंग माह्या नवऱ्याले नसतं दाबलं मी?" लोक हसत अन् घेऊन जात. हसता हसता तिच्याही डोळ्यात पाणी यायचं. ते मीच पाहत होते.

तीन उन्हाळ्यांमागची गोष्ट. नदी आटून डोह डोह उरले होते. एका सकाळी आमच्या डोहावर मासे पोट वर करून तरंगत होते. रोहू, वाम, मरळ, आणि बोटाएवढी पिलंही. परगावच्या टेम्पोवाल्यांनी पाण्यात औषध टाकलं होतं. मोठी मासोळी वेचून नेली, बाकीची आम्हाला वास घ्यायला ठेवली. आमचे लोक धावले तेव्हा टेम्पो पात्रातून पलीकडच्या काठावर चढून गेला होता. तक्रार घेऊन गेलो तर इकडचे साहेब म्हणाले, गाडी गेली तो काठ अकोल्याचा. तिकडचे म्हणाले, डोह तुमच्या अमरावतीचा. मासोळीला जिल्हा कळत नाही, पण चोराला बरोबर कळतो.

आमच्याच लोकांचंही काही फार चांगलं नव्हतं. आषाढात मासोळी अंड्यावर असते, प्रवाहाच्या उलटी नाल्यात चढते. तेव्हा सरकारची मनाई असते. पण दोन्ही काठांचे लोक नाल्याच्या तोंडाला मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावत. पोटातल्या अंड्यांसकट सगळं खल्लास. इकडच्यांनी तिकडचा पकडला की मारायचे. आपला पकडला गेला की म्हणायचे, जाऊ द्या, लेकराबाळाचा आहे.

सत्यवतीनं दोन्ही गावांना पात्रातल्या वाळूवर बोलावलं. म्हणाली, "ना तुमच्या काठावर, ना आमच्या. मधात बसा." आमच्याकडून मच्छीमार सोसायटीचे शेषराव, तिकडून त्यांच्या सोसायटीचे वामनराव. दोघं साडू, तरी तीन वर्षांपासून एकमेकांच्या ताटाला शिवत नव्हते.

वामनराव म्हणाले, "तुमचे पोट्टे आमच्या डोहात जाळं टाकतात, ते काहून नाही सांगत?"

शेषराव म्हणाले, "अन् तुमच्यावाला तो बंडू? तो का आमच्या नाल्यात आंघोळीले आल्ता?"

"बंडू गरीब हाय."

"आमी का सावकार हावो?"

सत्यवती मधेच उठून उभी राहिली. "झालं? आता मी सांगतो ते आयका. दोन्ही काठावर पाळीनं पहारा ठेवाचा. इकडचा चोर सापडला तं त्याचा न्याय तिकडच्यायनं कराचा. तिकडचा सापडला तं इकडच्यायनं. सालभर त्याचं जाळं पान्यात पडनार नाही, पन पहाऱ्याची पाळी त्यानं चुकवाची नाही. अन् सोयऱ्याधायऱ्यानं मधात तोंड घालाचं नाही."

"सोयरं नाही असं कोन हाय हो इथं?" वामनराव हसले. "अख्खी नदी सोयरी हाय."

"म्हनूनच म्हनून राहिलो."

मग कोणीतरी विचारलं, आमच्या काठावर न्यायाला कोण बसणार? वामनराव म्हणाले, "सत्याबाईच बसो. लेक आमची, सून तुमची. तिच्यावर कोनी रुसनार नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. सत्यवती लाजली. लुगड्याच्या काठाशी चाळा करत खाली बसली. मला तेव्हा अभिमानच वाटला, दुसरं काही सुचलं नाही.

आणि ते चाललं, खरंच. दोन्ही काठांवर पाळ्या लागल्या. अनोळखी गाडी दिसली की इकडून स्टीलचं ताट वाजायचं, तिकडून उत्तर यायचं. टेम्पोवाले एकदा आले, दोन्हीकडून लोक उतरलेले पाहून पात्रातच चाक रुतवून बसले. सत्यवतीनं त्यांना आधी पाणी पाजलं, मग पोलिसांना फोन लावायला लावला, दोन्ही जिल्ह्यांच्या. वरची दोन गावं अन् खालचं एक गाव येऊन म्हणालं, आम्हालाही घ्या. मग दोन्हीकडचे साहेब एका सतरंजीवर बसून चहा प्यायले. सत्यवती माझ्या कानात म्हणाली, "पाह्यलं का जाऊबाई, मासोळीनं दोन जिल्ह्यांची सोयरीक जुळवली."

दुसऱ्या आषाढात, भर दुपारी, ताट वाजलं. आमच्याच नाल्यावर. आमच्या पाळीवाल्यांनी एकाला बारीक जाळ्यासकट धरला होता. सत्यवती भाकर तव्यावर टाकून धावली, मी करपती भाकर उतरवून, गॅस बंद करून मागून गेले. पोहोचले तेव्हा ती उभी होती आणि पुढं चिखलात खुशालराव बसला होता. बाजूला टोपलीत मरळ, पोटं फुगलेली.

तो घाबरलेला नव्हताच. उलट आमच्या पोरांवर खेकसत होता, "हात सोडा बे. बाईले बोलवा माह्या." ती दिसली तसा हसला. "पाह्य ना बाई, हे पोट्टे मले ओळखत नाहीत."

"तू इकडं काहून आला, खुशाल?"

"मंग कुठं जाऊ? तिकडं वामनराव डोळे लावून बसला राह्यते. मी म्हटलं इकडं बाई हाय, मले कोन बोलते? निलीचं लगन काढलं येत्या वैशाखात. बोलनीले येनाऱ्या पाव्हण्यायले चार मासोया..."

नीलम त्याची मोठी मुलगी. हिच्याच हातावर वाढलेली. सत्यवतीनं ते ऐकलं आणि नाल्याच्या पाण्याकडे पाहत राहिली. तिकडचा चोर, म्हणजे न्याय इकडच्यांचा, तिचाच. तो तिच्या भरवशावर इकडं आला होता, इथंच सगळा घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं जमली. वामनरावच म्हणाले, "सत्याबाई, ह्या एका वक्ताले दुसरं कोनी बसलं तरी चालन." शेषरावही म्हणाले, "चालन. कोनी नाव ठेवनार नाही." दोघांनी तिला दार उघडून दिलं होतं. ती म्हणाली, "मागच्या महिन्यात बंडूचं जाळं बंद केलं तवा त्याची बायको माह्या पाया पडली होती. तिले मी नाही म्हटलं. आता काय तोंडानं उठू?"

 खुशालरावानं तिच्याकडे पाहिलं, लहान पोर आईनं मारल्यावर पाहते तसं. सत्यवती त्याच्याकडे न पाहता बोलली. सालभर जाळं बंद. पहाऱ्याची पाळी चुकायची नाही. मरळ पाण्याच्या घमेल्यात जित्या राहिल्या तेवढ्या डोहात सोडा. आवाज जराही हलला नाही. बायकांना वाटलं, काय दगड बाई आहे. घरी येऊन तिनं ती कालची करपलेली भाकर पाण्यात भिजवून खाल्ली. मी ताट आणलं होतं, त्याला हात लावला नाही.

त्या भाऊबीजेला तिनं पाट मांडला. रांगोळी काढली, आरतीचं तबक ठेवलं. मी म्हटलं, "येईन वो, रागातला मानूस दुपारून येते." ती म्हणाली, "हो." डोंगे आले, गेले. दुसऱ्यांचे भाऊ आले. संध्याकाळी तिनं पाट उचलून भिंतीला लावला अन् मला म्हणाली, "करंज्या जास्त झाल्या जाऊबाई, पोट्ट्यायले घेऊन जा."

खुशालराव मात्र पहाऱ्याला एकदाही चुकला नाही. वामनराव सांगायचे, ऊन असो, थंडी असो, काठी घेऊन बसलेला. आमच्या काठाकडे पाठ करून. बहिणीचा न्याय त्यानं शब्दन् शब्द पाळला. बहीण तेवढी टाकून दिली.

वैशाखात नीलमचं लग्न लागलं. पत्रिका आमच्या घरोघर आली, सत्यवतीच्या घरी आली नाही. देणारा पोरगा तिच्या दारावरून मान खाली घालून गेला. त्यांच्या घरात पहिली हळद आत्या लावते. हळदीच्या दिवशी पलीकडून बायकांची गाणी ऐकू येत होती, अन् ही अंगणात तुरीच्या काड्या मोडत बसली होती. एक एक काडी, उगाच बारीक.

लग्नाच्या दिवशी सकाळीच तिनं चांगलं लुगडं नेसलं. मी दारातच अडवलं. म्हटलं, "बोलावल्याबिगर जातं का वं?"

"लग्नात नाही जात. तिकडचं अख्खं गाव मांडवात राहीन. डोहावर कोन हाय? टेम्पोवाल्यायले लग्नाची तारीख मालूम राह्यते."

"चांगलं लुगडं नेसून पहारा?"

"मंग काय फाटकं नेसू? घरात लगन हाय माह्या."

मी गुडघे धरत तिच्या मागं निघाले. आम्ही पात्र ओलांडून पलीकडच्या डोहावर, बाभळीखाली जाऊन बसलो. मांडव तिथून हाकेच्या अंतरावर. बँड वाजत होता, भाज्यांचा वास येत होता. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तिनं पदरातून तांदूळ काढले. घरूनच आणले होते. प्रत्येक 'सावधान'ला थोडे थोडे डोहाकडे टाकत राहिली. पाण्यात मासे वर येऊन ते टिपत होते. भरपूर होते मासे.

अक्षता संपल्या तशी मांडवातून एक माणूस आमच्या दिशेनं येताना दिसला. डोक्याला फेटा, हातात काठी. खुशालराव होता. मी मनात म्हटलं, आला बाई, हिला मांडवात न्यायला आला. सत्यवती उठून उभी राहिली. लुगड्याला लागलेली माती झटकली.

तो थोडा दूरच थांबला. मुलीच्या लग्नाचा बाप, डोळे लाल झालेले.

"आज पाळी माही हाय," तो म्हणाला.

"मले वाटलं, तुले आज सवड..."

"पाळी चुकवाची नाही म्हटलं होतं ना? मी नाही चुकवली. तुमी जा आता."

ते 'तुमी' तिला एकटीला होतं; जन्मभर तो तिला 'तू' म्हणत आला होता.  तो बाभळीखाली तिच्याच जागेवर बसला, डोहाकडे तोंड करून.  मग मी तिचा हात धरला आणि आम्ही पात्रात उतरलो. वाळू तापली होती. चपला होत्या तरी पोळत होती. मधल्या वाळूवर ती क्षणभर थांबली, पण मागं वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर तिनं मला पाणी दिलं, स्वतः प्यायली. ओट्यावर बसली. पलीकडे जेवणाच्या पंगती उठत होत्या. तिकडं पाहत म्हणाली, "जाऊबाई, निलीचा शालू कोनत्या रंगाचा होता, आयकलं का कोनाकडून?"

मला काय माहीत? मीही तिच्यासोबत बाभळीखालीच होते. पण म्हटलं, "हिरवा."

"हिरवा," ती म्हणाली. "गोरी हाय ती. शोभला असन."