पत्रकातला माझा एक शब्द

तुमच्या डोळ्यांदेखत एखाद्याचा हात मोडला, तर विचारायला आलेल्या पोलिसांना तुम्ही ‘मी तिथे नव्हतो’ असं सांगाल का? मी सांगितलं.

माझा मावसभाऊ उज्जैनजवळच्या भैरवगढला कापडावर ठसे मारायचं काम शिकला आणि तिथेच मुसलमान झाला. उज्जैनच्या आमच्या मराठी घरांतला तो पहिलाच. धर्म बदलणाऱ्यांना शिव्या घालणारी पत्रकं वाचतच मी वाढलो होतो. भाऊ मुसलमान झाल्याचं कळलं त्या आठवड्यात स्वतः एक लिहिलं आणि त्यात त्याला ‘बाटगा’ म्हटलं.

उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात भर दुपारी चौघांनी त्याला एका दुकानाच्या शटरवर आपटलं. त्यातला एक आमच्याच नात्यातला. त्याने लोखंडी सळई भावाच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यापलीकडे ऐकू आला.

“आई गं,” भाऊ कळवळला.

“बाटग्या, आता अम्मी बोल ना,” नातेवाईक हसला.

“दादा, मार मराठीतच लागतो रे,” भाऊ रक्त थुंकत म्हणाला. सळईचा पुढचा फटका त्याच्या तोंडावर बसला.

माझ्या काखेत त्याच पत्रकांचा गठ्ठा होता. मी जागचा हललो नाही.

भाऊ आता डाव्या हाताने ठसा मारतो आणि तो वाकडा पडतो. साक्षीदार नाही म्हणून केस बंद व्हायच्या बेतात आहे. सोमवारी मी ठाण्यात खरा जबाब देणार आहे, तो शब्द माझा होता हेही सांगणार आहे. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाचा जबाब एकटा टिकायचा नाही. त्या दुपारी तुम्ही फ्रीगंजमध्ये असाल, तर सोमवारी माझ्यासोबत ठाण्यात चला आणि पाहिलंत ते लिहून द्या.