ओरेस्ट बिलिकचा कोपरा

क्रेनवुडच्या बायकांच्या आइस हॉकी संघाला चढाईची एकच चाल येत होती, कारण त्यांच्या कोचला, ओरेस्ट बिलिकला, एकच येत होती. "चकती हाणा डाव्या कोपऱ्यात, अन् तिच्या मागं पळा. बर्फावर नाचायला आलाय का?"

कॅनडातल्या सस्कॅचवानमधल्या त्या गावात रिंकवर, म्हणजे खेळायच्या मैदानावर, बर्फ जमवायचं, गुळगुळीत करायचं कामही त्याच्याकडंच. अकरा वर्षं घरच्या बर्फावर ही चाल फळली. चकती कोपऱ्यातल्या कडेच्या फळ्यांवर आपटायची आणि लाडावलेल्या कुत्र्यागत गोलासमोर परत यायची. ओरेस्ट छाती काढून म्हणायचा, "डोकं लागतं याला."

यंदा गावानं पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, विकून त्या कोपऱ्यात नव्या फळ्या बसवल्या. त्यानंतर संघ ओळीनं चार सामने हरला. शेजारच्या हार्टफील्डशीही हरलो तर कोच बदलायचा, असं पोरींनी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

त्या सामन्यात तीनपैकी दोन डाव संपले तेव्हा शून्य-तीन. चकती नव्या फळीवरून सरकत थेट हार्टफील्डवाल्यांच्या काठीवर जात होती, तीही न मागता.

कपडे बदलायच्या खोलीत कप्तान डोरीन, शाळेची बस चालवणारी, हेल्मेट काढून म्हणाली, "कोच, रागावू नका. जुनी फळी आतून वाकलेली होती. अकरा वर्षं ती जिंकत होती. आम्ही नुसत्या मागं पळत होतो."

ओरेस्ट उसळला. "मग मला कुणी बोललं का नाही?"

"रिंक तुमच्या ताब्यात. आम्हाला वाटलं, तुम्हीच वाकवलीय."

"बरं, आता?"

"फेकायची नाही. काठीवर ठेवून, एकमेकींना पास देत आत घुसायचं."

"हे माझ्या तोंडून निघायचं नाही बाई. तूच सांग त्यांना. मी कॉफी आणतो."

कॉफीची रांग लांबलचक होती. त्याचा नंबर येईस्तोवर गोलाच्या आरोळ्यांनी छप्पर तीनदा हादरलं. तो परतला आणि शेवटच्या मिनिटाला डोरीननं गोलकीपरच्या नाकासमोरून चकती आडवी सरकवली, दुसरीनं आत ढकलली. चार-तीन.

हार्टफील्डचा कोच हात मिळवायला आला. "म्हाताऱ्या, ही चाल कुठं दडवली होतीस रे?"

नुसती मान हलवली असती तरी कोचपण पक्कं होतं. ओरेस्टनं गार कॉफीचा घोट घेतला.

"तिला विचार," डोरीनकडं हनुवटी करत तो म्हणाला. "कोच ती. मी बर्फवाला."

डोरीन गडबडली. "अहो, जिंकलो ना! राहा की."

"राहतो. खेळाडू बदलताना बाकापुढचं फळीतलं दार उघडायला राहतो. पण ते कसं उघडायचं, हे कुणी मला शिकवायचं नाही."